गुण दाखवा किंवा झाकून ठेवा

अमेरिकेत पदवीच्या वर्गासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने सॅट किंवा ॲक्ट या परीक्षेतले गुण कॉलेजला कळवायचे की नाही, हे बहुतेक ठिकाणी आता त्याच्याच मर्जीवर सोडलेले आहे. गुण चांगले पडले असतील तर पाठवावेत, मनासारखे नसतील तर अर्जातला तो रकाना रिकामा ठेवावा. परीक्षा दिलीच नसली तरी अर्ज बाद होत नाही. या पद्धतीला तिथे ‘टेस्ट-ऑप्शनल’ म्हणतात. चार वर्षांची पदवी देणाऱ्या तिथल्या कॉलेजांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक कॉलेजे अलीकडच्या वर्षांत अशा ऐच्छिक पद्धतीने किंवा गुण अजिबात न पाहता प्रवेश देत आली आहेत. मात्र ज्या मूठभर विद्यापीठांची नावे जगभर घेतली जातात, त्यांतली बहुतेक २०२२ नंतर एकेक करून सक्तीच्या परीक्षेकडे परतली. सक्ती काढली तेव्हा गरीब विद्यार्थ्यांचे हित हे कारण दिले गेले होते, आणि सक्ती परत आणली तेव्हाही तेच.

ऐच्छिक पद्धतीचे दोन शेजारी आहेत. ‘टेस्ट-ब्लाइंड’ कॉलेजांत विद्यार्थ्याने हौसेने गुण पाठवले तरी प्रवेश देताना ते कोणी पाहत नाही. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठे या गटात मोडतात. ‘टेस्ट-फ्लेक्सिबल’ कॉलेजांत बाहेरच्या कोणत्या तरी एका परीक्षेचे गुण द्यावेच लागतात, पण परीक्षा कोणती ते विद्यार्थी निवडतो. येल विद्यापीठाने २०२४ मध्ये हा मार्ग पत्करला आणि सॅट, ॲक्ट, एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) यांपैकी काहीही चालेल असे जाहीर केले.

सीईटीचा पर्सेंटाइल आणि गुणवत्ता यादी यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. परीक्षेचे गुणच नाहीत तर यादी लावायची कशावर? त्याचे उत्तर असे की अमेरिकेत यादी लागतच नाही. तिथे एसएससी-एचएससीसारखे बोर्ड नाही, बहुतेक राज्यांत शाळेच्या शेवटी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका नाही. शाळा स्थानिक जिल्ह्याच्या ताब्यात असतात, आणि विद्यार्थ्याची चार वर्षांची कामगिरी बहुधा चारपैकी अमुक अशा जीपीएच्या आकड्यात सांगितली जाते. एका शाळेतला ३.९ आणि दुसऱ्या शाळेतला ३.९ यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून कॉलेजच्या प्रवेश विभागात प्रत्येक अर्जदाराची एक फाइल तयार होते. शाळेतले गुण, घेतलेले विषय किती अवघड होते, शिक्षकांची शिफारसपत्रे, स्वतःविषयीचा निबंध, खेळ, संगीत, समाजकार्य, आणि अनेक खासगी कॉलेजांत आईवडील तिथेच शिकले होते का हेसुद्धा त्या फाइलमध्ये असते. सॅटचा आकडा हा त्यातला फक्त एक कागद. पण देशभरातल्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा तोच एक कागद असतो, आणि भांडण नेमके त्याच्यावरून आहे.

सॅटची परीक्षा घेते कॉलेज बोर्ड. ही संस्था १९०० मध्ये स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक नामवंत कॉलेजची प्रवेश परीक्षा वेगळी होती आणि शाळांची त्यात फरफट होत होती. बोर्डाने समान परीक्षा आणली, पण ती विषयवार निबंधवजा उत्तरांची होती. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी लाखो जवानांना बुद्धिमापन चाचण्या दिल्या गेल्या. त्या कामात असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी पुढे त्याच धर्तीवर पर्यायी उत्तरांची चाचणी तयार केली. २३ जून १९२६ रोजी सुमारे ८,००० विद्यार्थ्यांनी ती पहिल्यांदा दिली. या ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये लष्करी चाचण्यांच्या आधारे उत्तर युरोपातील वंश इतरांहून बुद्धिमान असल्याचे पुस्तकच लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. सॅटच्या विरोधकांना हे मूळ विसरायचे नसते, आणि समर्थकांना त्याची आठवण नको असते.

परीक्षेला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र अगदी वेगळ्या हेतूने. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स ब्रायंट कोनंट यांना पूर्वेकडच्या श्रीमंत घराण्यांच्या मुलांपलीकडे पाहायचे होते. मध्य-पश्चिमेकडच्या साध्या सरकारी शाळांतून हुशार मुले शोधून त्यांना शिष्यवृत्ती द्यायची, तर कोणत्या शाळेत शिकला यावर अवलंबून नसलेले माप हवे होते. त्यांचे सहायक हेन्री चॉन्सी यांनी सॅट सुचवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या, सॅट उरली. १९४७ मध्ये ती चालवण्यासाठी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था निघाली आणि चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये आयोवा विद्यापीठातून ॲक्ट ही स्पर्धक परीक्षा आली. तिचा भर शाळेत शिकवलेल्या विषयांवर होता आणि गुण ३६ पैकी. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाने १९६८ मध्ये सॅट सर्वांना सक्तीची केली, आणि मग ती टाळून पुढे जाणे अवघड झाले.

नेमक्या त्याच सुमारास उलटी वाट सुरू झाली. मेन राज्यातील बोडन या लहानशा कॉलेजने १९६९ मध्ये गुण पाठवणे ऐच्छिक केले. त्याच राज्यातले बेट्स कॉलेज १९८४ मध्ये त्या वाटेवर आले. ही कॉलेजे दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची, प्रत्येक अर्ज माणसाने बसून वाचायचा अशी. तिथे एका आकड्यावाचून फारसे अडत नव्हते. १९८५ मध्ये फेअरटेस्ट नावाची संस्था या परीक्षांविरुद्ध उभी राहिली आणि ऐच्छिक कॉलेजांची यादी ठेवू लागली. मात्र पुढची दोन दशके ही यादी मुख्यतः लहान कला-विज्ञान महाविद्यालयांपुरतीच राहिली.

परीक्षेवरचा जुना आणि खरा आक्षेप शिकवणीचा आहे. सॅट मुळात जन्मजात कल मोजते, तिची तयारी करता येत नाही, असे सांगितले जाई. ब्रुकलिनमध्ये घराच्या तळघरात शिकवण्या घेणारे स्टॅन्ली कॅप्लान यांनी १९४० च्या दशकात सॅटचे क्लास सुरू केले आणि हा दावा व्यवहारात खोटा पाडला. त्यातून मोठा धंदा उभा राहिला. शब्दांच्या जोड्या जुळवण्याचा एक प्रश्न तर कुप्रसिद्ध झाला: धावपटूचे जे नाते मॅरेथॉनशी, तेच वल्हे मारणाऱ्याचे कशाशी? उत्तर होते ‘रेगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या गावात नदी नाही आणि ज्याच्या बापाच्या क्लबात होडी नाही, त्याने हा शब्द कुठे ऐकावा?

२००१ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी भर परिषदेत सॅटची सक्ती काढण्याचा प्रस्ताव मांडला. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ, स्मृती आणि आकलन हा त्यांचा अभ्यासाचा विषय. एका उंची खासगी शाळेत बारा वर्षांची मुले शब्दजोड्यांच्या लांबलचक याद्या घोकताना त्यांनी पाहिली होती, आणि हा वेळ वाया जातो आहे असे त्यांचे मत झाले. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाईल म्हणून कॉलेज बोर्डाने परीक्षाच बदलली. २००५ पासून शब्दजोड्या गेल्या, लेखनाचा भाग आला आणि एकूण गुण १६०० चे २४०० झाले. २०१६ मध्ये पुन्हा १६०० झाले आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणेही बंद झाले. आता परीक्षा लॅपटॉपवर होते, सव्वादोन तासांत आटोपते, आणि पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते.

ऐच्छिक पद्धतीचा प्रसार केवळ न्यायबुद्धीने झाला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ती कॉलेजच्या पथ्यावरही पडते. समजा एखाद्या कॉलेजात १,३०० च्या वर गुण असलेलेच विद्यार्थी गुण पाठवतात. मग कॉलेज आपल्या माहितीपत्रकात जी सरासरी छापते, ती फक्त त्यांचीच असते; न पाठवणाऱ्यांचे कमी गुण हिशेबातच येत नाहीत. सरासरी आपोआप चढते. पुढच्या वर्षी १,३३० गुणांची मुलगी ती सरासरी पाहते, आपण त्याखाली आहोत हे तिला दिसते आणि तीही गुण झाकते. सरासरी आणखी वर जाते. दुसरीकडे, परीक्षेची अट नाही म्हटल्यावर अर्ज वाढतात, जागा तेवढ्याच राहतात आणि प्रवेशाचे प्रमाण घटते. ‘आमच्याकडे शंभरात इतक्यांनाच प्रवेश मिळतो’ ही तिथे मिरवण्याची गोष्ट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेलास्को, रोझिंगर आणि हर्न यांना आढळले की ऐच्छिक पद्धत स्वीकारलेल्या कला-विज्ञान महाविद्यालयांत गरीब आणि अल्पसंख्य विद्यार्थ्यांचे प्रमाण त्या कारणाने वाढले नव्हते. वाढले होते ते अर्ज आणि छापील सरासरी. पुढे क्रिस्टोफर बेनेट यांनी २००५ ते २०१६ या काळात सक्ती काढलेल्या सुमारे शंभर खासगी संस्था तपासल्या, तेव्हा थोडा फायदा दिसला. सरकारी अनुदान मिळणारे गरीब विद्यार्थी तीन-चार टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूलनिवासी विद्यार्थी दहा-बारा टक्क्यांनी वाढले होते. मुळातली संख्या लहान असल्याने एकूण वर्गात हा फरक साधारण एका टक्क्याचा होता.

या खेळात न उतरल्याची किंमत मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशर कॉलेजने मोजली. २०१४ मध्ये त्यांनी गुण पाहणे पूर्णपणे बंद केले. सरासरी छापायला आकडाच नाही म्हणून ‘यूएस न्यूज’च्या प्रसिद्ध क्रमवारीतून कॉलेजचे नाव वगळले गेले. अर्ज घटले. पण प्रवेश मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १८ वरून २६ टक्क्यांवर गेले, कारण ज्यांना खरोखर तिथेच शिकायचे होते तेच अर्ज करू लागले होते.

मोठ्या संशोधन विद्यापीठांपैकी शिकागो विद्यापीठाने २०१८ च्या जूनमध्ये सक्ती काढली तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. त्यानंतर वर्षभरात, मार्च २०१९ मध्ये, ‘व्हर्सिटी ब्लूज’ घोटाळा उघड झाला. रिक सिंगर नावाच्या प्रवेश सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षा केंद्रांवर उत्तरे बदलून घेतली होती आणि खेळाडू नसलेल्या मुलांना खेळाडू म्हणून घुसवले होते. परीक्षेच्या विश्वासार्हतेला त्यामुळे धक्का बसला खरा. पण याच प्रकरणात फाइलमधले इतर कागदही तितकेच विकत मिळतात हे दिसले होते, आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली.

मग करोना आला. २०२० च्या वसंतात परीक्षा केंद्रे बंद पडली आणि ज्या कॉलेजांच्या मनातही नव्हते त्यांनाही सक्ती उठवावी लागली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीग या नामवंत गटातली आठही विद्यापीठे त्यात होती. २०२० मध्ये शाळा संपवणाऱ्यांपैकी सुमारे २२ लाखांनी सॅट दिली होती. पुढच्या वर्षी हा आकडा १५ लाखांवर आला. अर्जांचा मात्र पूर आला. हार्वर्डकडे आदल्या वर्षी ४० हजारांच्या थोडे वर अर्ज होते, ते ५७,४३५ झाले. एमआयटीचे अर्ज २० हजारांवरून ३३ हजारांवर गेले. ‘बघू तरी लागते का’ म्हणून टाकलेले अर्ज त्यात भरपूर होते. वाचणारे हात तेवढेच होते.

परतीची वाट एमआयटीने दाखवली. मार्च २०२२ मध्ये तिने सक्ती पुन्हा लागू केली आणि कारण अगदी रोखठोक दिले. तिथे इतिहास शिकायला आलेल्यालाही कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी दोन अभ्यासक्रम पार करावेच लागतात. गणिताची तयारी कच्ची असलेल्याला दाखल करून घेणे म्हणजे त्याला बुडायला सोडणे. शिवाय, ज्या शाळेत वरच्या पातळीचे गणित शिकवतच नाहीत, तिथल्या हुशार मुलाला आपली तयारी दाखवायला सॅटखेरीज साधन उरत नाही, असेही संस्थेचे म्हणणे होते.

दोन वर्षांनी डार्टमथ कॉलेजने जे केले ते या सगळ्या चर्चेतले सर्वांत बोलके उदाहरण आहे. कॉलेजच्या अध्यक्ष सायन बायलॉक या मेंदू आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक. परीक्षेच्या ताणाखाली हुशार माणसेही कशी गडबडतात, हा त्यांच्या संशोधनाचा आणि गाजलेल्या पुस्तकाचा विषय. म्हणजे परीक्षेविरुद्ध बोलायला त्यांच्याइतके योग्य कोणी नव्हते. त्यांनी आपल्याच प्राध्यापकांना ऐच्छिक काळातले अर्ज तपासायला सांगितले. तीन अर्थतज्ज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ यांच्या या गटाला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, डार्टमथमधल्या यशाचा अंदाज शाळेतल्या गुणांपेक्षा सॅटवरून अधिक चांगला येतो. दुसरी अधिक महत्त्वाची. साध्या शाळांतली, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले १,४०० च्या आसपासचे गुण झाकून ठेवत होती, कारण कॉलेजची छापील सरासरी त्याहून बरीच वर होती. प्रवेश विभाग मात्र प्रत्येक गुण त्या विद्यार्थ्याच्या शाळेच्या संदर्भात वाचतो. ज्या शाळेत बहुतेक मुले हजाराच्या आसपास थांबतात, तिथल्या मुलाचे १,४०० हे प्रवेश विभागाच्या लेखी मोठे गुण. तो आकडा दिसला असता तर प्रवेशाची शक्यता वाढली असती; तो दिसलाच नाही. श्रीमंत शाळेतल्या मुलाला कोणते गुण पाठवावेत हे सांगायला पगारी सल्लागार असतो. दुसऱ्याला त्याच निर्णयात स्वतःच्या अंदाजावर विसंबावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने सक्ती परत आणली. त्याच वर्षी येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल आणि स्टॅनफर्ड, २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी तसेच निर्णय जाहीर केले. कोलंबिया विद्यापीठाने मात्र २०२३ मध्ये ऐच्छिक पद्धत कायम ठेवत असल्याचे सांगितले होते.

सरकारी विद्यापीठांपैकी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने आपले आकडे मोकळेपणाने मांडले. ऐच्छिक काळातल्या एका फेरीत नव्वद टक्क्यांहून अधिक अर्जदारांनी परीक्षा दिली होती, पण गुण विचारात घ्या असे सांगणारे ४२ टक्केच होते. गुण पाठवणाऱ्यांची मधली पातळी १,४२० तर न पाठवणाऱ्यांची १,१६०. इतर घटक सारखे धरूनही गुण पाठवणाऱ्यांचा पहिल्या सत्रातला जीपीए ०.८६ ने जास्त निघाला. चारच्या मोजपट्टीवर हा फरक लहान नाही.

याच्या अगदी उलट आकडेही आहेत. बेट्स कॉलेजचे माजी प्रवेशप्रमुख विल्यम हिस यांनी २०१४ मध्ये ३३ संस्थांतल्या सुमारे १ लाख २३ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुण पाठवणाऱ्यांचा जीपीए २.८८ आणि न पाठवणाऱ्यांचा २.८३ होता, पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणातला फरक एका टक्क्याहूनही कमी. दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात. हिस यांच्या संस्था बहुतांशी लहान, विद्यार्थ्यावर वैयक्तिक लक्ष ठेवणाऱ्या आणि प्रवेश देतानाच शाळेतली मेहनत बारकाईने पाहणाऱ्या होत्या. ऑस्टिनला हजारो मुले एकदम येतात, आणि त्यातली बरीच अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र मागतात. कुठल्याही एका ठिकाणचा निष्कर्ष उचलून देशभर लावणे ही या वादातली सर्रास होणारी चूक आहे, आणि ती दोन्ही बाजू करतात.

कॅलिफोर्नियाची कथा त्यामुळे अधिक गुंतागुंतीची ठरते. तिथल्या प्राध्यापकांच्या समितीने २०२० च्या सुरुवातीला अहवाल दिला की विद्यापीठातल्या यशाचा अंदाज सॅटवरून शाळेच्या गुणांपेक्षा चांगला येतो आणि सक्ती तूर्त ठेवावी. एप्रिलमध्ये प्राध्यापक सभेने तो ५१ विरुद्ध शून्य मतांनी मान्य केला. मे महिन्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, रीजंट्सनी, २३ विरुद्ध शून्य मतांनी नेमका उलटा ठराव केला. एकाच विद्यापीठात पाच आठवड्यांत दोन एकमुखी आणि परस्परविरोधी ठराव होण्याचा हा योग दुर्मीळच म्हणायचा. त्यातच काही विद्यार्थी आणि संघटना न्यायालयात गेल्या होत्या. टाळेबंदीत अपंग विद्यार्थ्यांना परीक्षा देणेच अशक्य असल्याने गुण ऐच्छिक म्हणूनही वापरू नयेत, असा आदेश आला, आणि २०२१ च्या तडजोडीनंतर नऊही शाखांत गुण पाहणे थांबले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगो शाखेच्या समितीने धक्कादायक अहवाल दिला: नव्याने दाखल होणाऱ्या दर आठ विद्यार्थ्यांपैकी साधारण एकाची गणिताची तयारी हायस्कूलच्या पातळीच्याही खाली होती, आणि यांतल्या अनेकांना शाळेत गणितात उत्तम श्रेणी होत्या. समितीने यात करोनाकाळातले शिक्षणाचे नुकसान आणि शाळांतली गुणांची खैरात यांनाही जबाबदार धरले. सगळे खापर परीक्षा हटवण्यावर फोडता येत नाही, पण दाखल करण्यापूर्वी हे कळण्याचा एक मार्ग बंद होता, हे नाकारता येत नाही.

गुणांची खैरात हा मुद्दा इथे कळीचा आहे. ॲक्ट घेणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये दाखवले की तिच्या परीक्षार्थींचा शाळेतला सरासरी जीपीए २०१० मध्ये ३.२२ होता, तो २०२१ मध्ये ३.३९ झाला. अर्थात हे सांगणाऱ्या संस्थेचे पोट परीक्षेवरच चालते. तरी सगळ्यांनाच ए मिळू लागला की ए-ला अर्थ उरत नाही, हे समजायला अहवाल लागत नाही. परीक्षेचा कागद काढून घेतला की उरलेल्या कागदांचे वजन वाढते, आणि ते कागद गरिबाच्या बाजूचे असतातच असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे २०१६ मध्ये आलेल्या सुमारे ६० हजार अर्जांतले निबंध संशोधकांनी संगणकाने तपासले, तेव्हा निबंधातल्या मजकुराचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध सॅटच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. सुट्टीतल्या परदेशी सहलीतून आलेली जाणीव लिहायला आधी सहल परवडावी लागते.

दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये याचा मोठा हिशेब मांडला. आयव्ही आणि त्यांच्या तोडीच्या बारा विद्यापीठांत, सॅटचे गुण सारखेच असले तरी, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात पोचतात. कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासेतर गुणांना मिळणारे वजन. त्याच संशोधनातून हेही दिसले की १,३०० किंवा अधिक गुण मिळवण्याची शक्यता त्या एक टक्क्यातल्या मुलाला गरीब घरातल्या मुलाच्या १३ पट असते. परीक्षा विषमता दाखवते. ती मुळात घरात आणि शाळेत तयार झालेली असते, आणि आकडा झाकल्याने कमी होत नाही. फाइलमधल्या इतर कागदांत ती अधिक छानपणे लपते, एवढेच.

हा वाद आता राजकारणातही शिरला आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केल्यानंतर गुण मागण्या-न मागण्याला वेगळाच रंग आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने नऊ विद्यापीठांपुढे ठेवलेल्या करारात प्रवेश परीक्षेची सक्ती ही एक अट होती. तो करार सर्वांत आधी नाकारला एमआयटीने, जिथे परीक्षा आधीपासूनच सक्तीची आहे.

भारतातून अमेरिकेत जाणारे बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. २०२३-२४ मध्ये तिथे असलेल्या ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी पदवीच्या वर्गांत सुमारे ३६ हजारच होते. तरी मुंबई-पुण्यातून बारावीनंतर थेट जाऊ पाहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हा विषय जवळचा आहे. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई, आयबी अशा वेगवेगळ्या बोर्डांचे गुण तिकडच्या प्रवेश अधिकाऱ्याला एकमेकांशी ताडून पाहणे सोपे नसते. त्यामुळे अनोळखी शाळेतून अर्ज करणाऱ्याला चांगला सॅट गुण अधिक उपयोगी पडतो. ऐच्छिक असलेल्या काही कॉलेजांत शिष्यवृत्ती ठरवताना गुण पाहिले जातात, हेही विसरू नये. गुण पाठवायचे की नाही हे कॉलेजच्या छापील सरासरीवरून ठरवू नये, कारण ती फक्त पाठवणाऱ्यांची असते. आणि नियम दरवर्षी बदलत असल्याने ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचाच नियम वाचावा. प्रिन्स्टनची सक्ती २०२७-२८ च्या प्रवेशफेरीपासून आहे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाला गुण पाठवण्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. प्रवेश देताना तिथे ते उघडूनही पाहत नाहीत.